चौकटीवरचं बेथलेहेम

आमच्या गावच्या घराच्या चौकटीवर, शेजाऱ्यांकडे जिथे गणेशपट्टी असते त्या जागी, आजोबांनी पाच अक्षरं कोरून घेतली होती. बेथलेहेम. कोरणाऱ्या सुताराने हा शब्द आधी कधी ऐकला नव्हता. आजोबांनी फळीवर खडूने लिहून दिलं, त्याने पटाशीने ते लाकडात उतरवलं. ‘थ’ची गाठ जरा सैल पडली, बाकी अक्षरं नेटकी. गावाने ते नाव आपल्या जिभेवर घोळवलं आणि त्याचं बेतलेम केलं. ‘बेतलेमच्या ओट्यावर बसलाय बघ’, ‘बेतलेमवाल्या बाईकडं विरजण मिळंल’ असं नगर जिल्ह्यातल्या त्या लहानशा गावात सगळ्या जातींची माणसं सहज बोलत. त्यात कुणाला काही वेगळं वाटत नसे.

सात-आठ वर्षांची असताना मी आजीला विचारलं, बेथलेहेम म्हणजे काय? ती चुलीपुढे होती. तव्यावरची भाकर उलथत ती म्हणाली, “भाकरीचं घर.”

मला वाटलं, ती आमच्याच घराबद्दल बोलतेय.

त्याच वयात आणखी एक कोडं पडलेलं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रभुभोजन असायचं. पाळकसाहेब पांढऱ्या कापडाखालून पाव काढायचे, मोडायचे आणि गंभीर आवाजात शास्त्रातले शब्द म्हणायचे. त्या शब्दांत भाकर असायची. हातात पाव आणि ओठांवर भाकर. प्रार्थनेतही आम्ही म्हणायचो, आमची रोजची भाकर आज आम्हांला दे. मी आजीला कोपराने ढोसून म्हणायची, अगं, तो तर पाव आहे. आजी डोळे न उघडता पुटपुटायची, “भाकरच म्हणायचं.” पाव आणि भाकर या दोन शब्दांमधला प्रवास किती लांबचा आहे आणि तो त्या चौकटीवरच्या नावाला कुठे जाऊन मिळतो, हे कळायला मला पुढची तीस वर्षं लागली.

हिब्रू भाषेत ‘बेत’ म्हणजे घर. कोकणातल्या बेने इस्राएल ह्या ज्यू समाजाच्या सिनेगॉगची, म्हणजे प्रार्थनामंदिरांची नावं ज्यांनी ऐकली आहेत त्यांना हा शब्द नवा नाही. पनवेलला आणि रेवदंड्याला ‘बेथ एल’ आहे, देवाचं घर. ‘लेखेम’ म्हणजे भाकर. त्यातला ख घशातून येतो, ख आणि ह यांच्या मधोमध कुठेतरी. आज हिब्रू बोलणारा माणूस येशूच्या त्या जन्मगावाला ‘बेत लेखेम’ म्हणतो. म्हणजे आमच्या गावकऱ्यांनी जिभेच्या सोयीसाठी केलेलं ‘बेत’ हे आजोबांच्या शुद्ध ‘बेथ’पेक्षा मूळ उच्चाराच्या जवळ पोचलं होतं. हे कळलं तेव्हा आजोबा नव्हते. असते तर त्यांना फार आनंद झाला असता.

पण त्या गावात आज राहणारी माणसं बहुतेक अरबी बोलतात, आणि अरबीत गावाचं नाव आहे ‘बैत लह्म’. अक्षरं तीच, ल-ह-म. अरबीत मात्र लह्म म्हणजे मांस. भाकरीला तिथे खुब्झ म्हणतात. एकाच गावाचं एकच नाव, एका कानाला भाकरीचं घर तर दुसऱ्या कानाला मांसाचं. आणि अरबी समुद्रातल्या सोकोत्रा बेटावरच्या बोलीत ह्याच धातूचा शब्द माशाकडे गेला आहे. मला ही गोष्ट फार आवडते. एका फार जुन्या शब्दाचा अर्थ होता, ज्यावर माणूस जगतो ते. पुढे शेतकऱ्याने त्याची भाकर केली, मेंढपाळाने मांस आणि दर्यावर्दी माणसाने मासळी. आपल्याकडेही अलिबागच्या किनाऱ्यावरचं ‘जेवण’ आणि सोलापूरचं ‘जेवण’ या शब्दांमागे एकच ताट दिसत नाही.

बेथलेहेमच्या जमिनीकडे पाहिलं तर दोन्ही अर्थ खरे ठरतात. जेरुसलेमच्या दक्षिणेला आठ-दहा किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७७५ मीटर उंचीच्या चुनखडीच्या डोंगरधारेवर हे गाव आहे. भूमध्य समुद्राकडून येणारा पाऊस ह्या धारेवर पडतो आणि तिथेच संपतो. धारेवर ऑलिव्ह, द्राक्षं, गहू, सातू. गाव ओलांडून पूर्वेकडे उतरायला लागलं की हिरवं सरतं, यहूदियाचं वाळवंट सुरू होतं आणि ते थेट मृत समुद्रापर्यंत जातं. गावाच्या एका अंगाला नांगर, दुसऱ्या अंगाला मेंढरं. नगरकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. सह्याद्रीने पाऊस अडवला की अलीकडे आम्ही उरतो, थोडी ज्वारी-बाजरी आणि पुष्कळ शेळ्या-मेंढ्या घेऊन. एक पाऊस हुकला की भाकर जाते, मग मेंढरंही जातात.

नावाचा वेगळा अर्थही काही अभ्यासक लावतात. लाहमू नावाच्या एका प्राचीन देवतेवरून ते आलं असावं, म्हणजे मुळात ते त्या देवतेचं घर, असा तर्क आहे. असेलही. गावांची नावं माणसांपेक्षा म्हातारी असतात, आणि नंतर आलेली माणसं त्यांत आपला अर्थ भरतात. मात्र एका गोष्टीने मला अस्वस्थ केलं. हिब्रूत ल-ह-म ह्याच तीन व्यंजनांपासून लढण्याचं क्रियापदही होतं, आणि युद्धाला शब्द आहे ‘मिल्खामा’. भाकर आणि लढाई, दोन्ही त्याच तीन अक्षरांत.

मराठी बायबलच्या भाषांतरकारांपुढे हा ‘लेखेम’ आला असेल तेव्हाचा क्षण मी अनेकदा मनाशी रंगवते. मिशनरी विल्यम केरी यांच्या बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ साली निघाला. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षं किती तरी हात त्या भाषेवर फिरले. पोळी म्हणता आली असती, रोटी म्हणता आली असती, अन्न हा तर सोवळा, सुरक्षित शब्द होता आणि तो बऱ्याच ठिकाणी वापरलाही आहे. पण प्रार्थनेत, जीवनाच्या भाकरीत, शेवटच्या भोजनात ‘भाकर’ आली. ‘भाकरी’सुद्धा नाही, भाकर. देशावरच्या माणसाच्या तोंडातली.

ह्या निवडीइतकी चोख निवड मला भाषांतरात फार थोडी दिसते. हिब्रू लेखेम म्हणजे नुसती भाजलेली चपटी वस्तू नव्हे. तो शब्द सगळ्या अन्नाला पुरतो, पोटाला आधार देणाऱ्या सगळ्याला. आपली भाकर तशीच आहे. ‘भाकर खाल्ली का?’ ह्या प्रश्नात कालवणही आलं, भातही आला आणि ‘बरं चाललंय ना’ हेही आलं. ‘कुणाची भाकर खातोस’ ह्यात इमान आलं. मीठभाकर म्हटलं की गरिबाघरचं आदरातिथ्य आलं. बाळाची दृष्ट काढायला ओवाळून टाकतात तो भाकरतुकडाच असतो. चतकोर आणि नितकोर हे शब्द भाकरीमुळेच जगले, कारण ती मोडून, वाटून खायची वस्तू आहे. पोळी त्या काळी सणाची किंवा सुखवस्तू घरची. गहू सगळ्यांना कुठे होता? बेथलेहेमच्या गोष्टीतसुद्धा गरिबाच्या हाताला पहिल्यांदा सातू लागतो, गहू नंतर पिकतो. आपली ज्वारी, त्यांचा सातू.

गंमत पाहा, शास्त्रात ह्या भाकरीच्या घराचं नाव पहिल्यांदा येतं ते भाकरीसोबत नव्हे, कबरीसोबत. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाचं बिऱ्हाड एफ्राथच्या वाटेवर आहे. राहेलला वाटेतच कळा येतात, मुलगा होतो आणि ती जाते. मरतामरता ती बाळाचं नाव ठेवते बेनोनी, माझ्या दुःखाचा मुलगा. बाप ते बदलून बन्यामीन करतो. तिला वाटेवरच पुरतात, आणि लिहिणारा सांगतो, एफ्राथ म्हणजेच बेथलेहेम.

दुसरी मोठी गोष्ट रूथची. ती सुरूच होते दुष्काळाने. भाकरीच्या घरात भाकर उरलेली नाही. अलीमलेख नावाचा माणूस बायको नामी आणि दोन मुलांना घेऊन मवाब देशात जातो. आपल्याकडची माणसं बैलगाडीत संसार टाकून जगायला जातात तसाच. तिथे नवरा मरतो, लग्न झालेली दोन्ही मुलं मरतात. दहा वर्षांनी नामीच्या कानावर येतं की गावाकडे पीकपाणी झालंय. ती परत निघते आणि मवाबी सून रूथ तिची पाठ सोडत नाही. वेशीवर बायका ओळख पटून नामी म्हणून हाक मारतात, तर ती म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. नामीत गोडवा आहे आणि मारा म्हणजे कडू. भरलेली गेले होते, रिकामी आले. त्या आठवड्यांत सातूची कापणी सुरू होत होती.

मग रूथ सरवा वेचायला जाते. ‘सरवा’ हा शब्द शहरातल्या माझ्या मैत्रिणींना माहीत नव्हता, म्हणून थांबून सांगते. कापणी झाली की शेतात जी कणसं, ओंब्या, शेंगा मागे राहतात तो सरवा. आमच्याकडे भुईमुगाचा सरवा असायचा, बाजरीचा असायचा. ज्यांना रान नाही त्या बायका कापणीवाल्यांच्या मागे मागे वाकून तो वेचायच्या. मोशेच्या नियमशास्त्रात शेतमालकाला स्पष्ट आज्ञा आहे, शेताचे कोपरे कापू नकोस, पडलेलं गोळा करू नकोस, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. बवाज नावाचा मालक त्याहून पुढे जातो. पेंढ्यांमधून मुद्दाम थोडं थोडं गळू द्या, असं तो गड्यांना सांगतो, आणि तिला टाकून बोलू नका असंही. दुपारी तिला जेवायला बोलावतो, भाकर पुढे करतो, भाजलेलं धान्य देतो, आपल्या हुरड्यासारखं. ती पोटभर खाते आणि उरलेलं सासूसाठी बांधून नेते.

ही ओळ आली की आजी नेहमी थांबायची. तिला वाचता येत होतं पण हळूहळू, अक्षरावर बोट ठेवून. “उरलेलं नेलं बघ,” ती म्हणायची. रूथचा विश्वास, तिची निष्ठा, दावीद राजाची ती पणजी कशी झाली, ह्यावर पाळकसाहेब प्रवचन करत. आजीचा मुक्काम मात्र त्या बांधून नेलेल्या घासांवर असायचा.

१९७२च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जात होती. पाझर तलावाचं काम होतं, गावापासून तीन मैलांवर. सकाळी डोक्यावर पाटी, काखेत माझी धाकटी आत्या. कामावर सुकडी मिळायची, ती आजी पूर्ण खायची नाही. पदराच्या गाठीत बांधून घरी आणायची. घरात तीन पोरं आणि तिची म्हातारी सासू होती. त्या वर्षी अमेरिकेतून आलेली मिलो ज्वारी रेशनवर मिळत होती, लालसर. तिच्या पिठाला चिकटपणा नव्हता. थापायला घेतली की कडा फाटायच्या, तव्यावर टाकली की दोन तुकडे. आजीच्या हातची भाकर ओंजळीएवढ्या उंड्यापासून परातभर व्हायची, एक चीर जायची नाही, अशी तिची ख्याती. त्या बाईने वर्षभर तुटक्या भाकरी भाजल्या, आणि ही गोष्ट ती दुष्काळातल्या बाकी सगळ्या हालांपेक्षा जास्त खालच्या आवाजात सांगायची. त्या दुष्काळी कामांतूनच पुढे रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. आजीच्या लेखी त्या सगळ्या काळाचं नाव एकच होतं, ‘लाल भाकरीचं साल’.

२०१२च्या मे महिन्यात जेरुसलेममध्ये उत्खनन करणाऱ्यांनी एक मातीची मुद्रा जाहीर केली. रुंदी जेमतेम दीड सेंटीमीटर. तिच्यावर प्राचीन हिब्रू लिपीत तीन ओळी, त्यात राजाच्या कारकिर्दीचं सातवं वर्ष, बेथलेहेमचं नाव आणि ‘राजाला’ असा उल्लेख. इसवीसनापूर्वी सातव्या-आठव्या शतकातली. शास्त्राबाहेर बेथलेहेमचं नाव इतक्या जुन्या वस्तूवर पहिल्यांदाच सापडलं. बेथलेहेमहून राजाकडे कर म्हणून पाठवलेल्या मालाच्या गाठोड्यावरची ही मोहर असावी असं संशोधकांचं मत. माल काय होता सांगता येत नाही, पण चांदी, दारू किंवा धान्य असावं. बातमी वाचताना माझ्या मनात आलं ते हेच की भाकरीच्या घराची पहिली लेखी खूण म्हणजे तिथून बाहेर गेलेल्या करमालाची पावती.

नावाचा अर्थ ज्याने जगभर नेला तो माणूस ह्या गावचा नव्हता. जेरोम, रोममध्ये शिकलेला पंडित, ३८६ साली बेथलेहेमला येऊन राहिला आणि मरेपर्यंत, म्हणजे ४२० च्या सुमारापर्यंत तिथेच राहिला. हिब्रूतून लॅटिनमध्ये शास्त्राचं भाषांतर त्याने तिथे बसून केलं. त्याच्यासोबत पावला नावाची एक श्रीमंत रोमन विधवा आली होती. मठ बांधले ते तिच्या पैशाने. यात्रेकरूंसाठी रस्त्याकडेला धर्मशाळाही तिनेच बांधली, कारण मरीया आणि योसेफ यांना ह्या गावात उतरायला जागा मिळाली नव्हती. स्तोत्रं मूळ भाषेत म्हणता यावीत म्हणून ती हिब्रू शिकली. ४०४ साली ती गेली तेव्हा दानधर्मात सगळं संपून डोक्यावर कर्ज होतं. तिच्या मृत्यूनंतर जेरोमने तिच्या मुलीला लिहिलेल्या लांब पत्रात पावला बेथलेहेमला पोचते तो प्रसंग आहे. ती गावालाच उद्देशून म्हणते, नमस्कार तुला, भाकरीच्या घरा.

पावलाबद्दल वाचताना मला दर वेळी पंडिता रमाबाई दिसतात. दोघींमध्ये दीड हजार वर्षांचं अंतर आहे आणि तुलना ओढूनताणून करण्यात अर्थ नाही. पण विधवा, हिब्रूची विद्यार्थिनी, निराश्रितांसाठी घर बांधणारी, एवढं तरी दोघींत खरं आहे. रमाबाईंनी भुकेचा अर्थ पुस्तकातून शिकलेला नव्हता. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि बहीण त्यांनी डोळ्यांदेखत गमावली होती. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून वाढलं. त्याच केडगावात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणलं, खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा भाषेत. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुली त्याच दुष्काळांतून वाचलेल्या होत्या. १९२२च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या तेव्हा हे काम त्यांनी पुरं करून ठेवलं होतं. रूथचं पुस्तक जुळवताना, ‘देशात दुष्काळ पडला’ ही ओळ खिळ्यांत बसवताना एखाद्या मुलीचा हात थबकला असेल का, हे मला नेहमी विचारावंसं वाटतं. विचारायला आता कुणी नाही.

जेरोमच्या नावाने पुढे भिक्षूंचा एक संघ निघाला, आणि इथे माझ्या बालपणीच्या कोड्याची दुसरी बाजू उलगडते. पोर्तुगालची राजधानी लिस्बन. तिथे टॅगस नदीच्या मुखाजवळ बेलें नावाची वस्ती आहे. बेलें म्हणजे पोर्तुगीज जिभेवरचं बेथलेहेम. (आमच्या गावाने जे केलं तेच त्यांनी केलं, जरा जास्तच केलं.) तिथे बेथलेहेमच्या मरीयेच्या नावाचं एक छोटं देऊळ होतं, दर्यावर्दी लोक निघण्यापूर्वी तिथे रात्रभर प्रार्थना करत. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामाची जहाजं तिथूनच निघाली आणि पुढच्या मे महिन्यात कालिकतला लागली. त्या छोट्या देवळाच्या जागी राजा मानुएलने १५०१ पासून भव्य मठ उभारायला घेतला आणि तो जेरोमच्या भिक्षूंच्या स्वाधीन केला. राजासाठी आणि दर्यावर्दी लोकांसाठी प्रार्थना करणं हे त्यांचं काम. वास्को १५२४ साली कोचीत वारला, नाताळच्या आदल्या रात्री. त्याची कबर आज त्या मठात आहे.

त्या बेलेंहून निघालेल्या जहाजांनी गोवा घेतला, वसई घेतली. सक्ती आली, जाळपोळ आली, देवळं पडली. हे मी ख्रिस्ती आहे म्हणून विसरणार नाही. त्याच जहाजांतून एक शब्द आला, पांव. त्यांच्या भाषेत भाकरीचा शब्द. भट्टी चालवणारा पादेइरो गोव्यात पोदेर झाला. यीस्ट मिळेना म्हणून त्याने माडाच्या सुरेने पीठ आंबवलं, आणि पांवचा पाव झाला. पाव टाकलेल्या विहिरीचं पाणी प्यायली म्हणून गावं बाटली, अशा कथा वसईकडे अजून सांगतात. एका भाकरीच्या शब्दाने माणसं तोडली जात होती. आज मुंबईत कामावर जाणारा माणूस तोच शब्द वड्यासोबत हातात घेऊन लोकल पकडतो.

मग मंडळीत पाळकसाहेब पाव मोडून ‘भाकर’ म्हणत होते, तेव्हा खरं काय घडत होतं? भाकरीच्या घराचं नाव लावलेल्या बंदरातून सुटलेला एक शब्द आणि देशावरच्या चुलीपुढचा एक शब्द, दोघे एका ताटात येत होते. आजी म्हणत होती तेच बरोबर होतं. भाकरच म्हणायचं.

ह्याच नावाचं काय काय झालं ते पाहिलं तर कधी कधी जीव थरथरतो. लंडनमध्ये १२४७ साली सायमन फिट्झमेरी ह्या नगरपालकाने बेथलेहेमच्या चर्चसाठी मठाला जमीन दिली. तिथून दूरच्या त्या चर्चला मदत गोळा व्हावी, वाटसरूंना आसरा मिळावा, हा हेतू. पुढे मठाचं रुग्णालय झालं, आणि १४०३च्या तपासणीत तिथे मनाचे आजार असलेली सहा माणसं असल्याची नोंद आहे. हळूहळू ते फक्त वेड लागलेल्यांचंच ठिकाण झालं. लंडनकरांनी बेथलेहेमचं बेथलेम केलं, मग बेडलम. साखळदंडाने बांधलेली माणसं पाहायला लोक तिथे करमणूक म्हणून जाऊ लागले. आणि बेडलम हा इंग्रजीत गोंधळाचा, आरडाओरड्याचा शब्द होऊन बसला. तो वापरणाऱ्या बहुतेकांना ठाऊकही नसतं की त्याच्या तळाशी भाकर आहे आणि घर आहे. रुग्णालय आता दुसरीकडे आहे आणि चांगलं चालतं. १८१५ साली ज्या इमारतीत ते गेलं होतं, तिच्या उरलेल्या भागात आज युद्धाचं संग्रहालय आहे. ल-ह-म. मी हे जुळवून आणलेलं नाही.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात मोरेवियन ह्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १७४१च्या नाताळच्या आदल्या रात्री आपल्या नव्या वस्तीला हेच नाव दिलं. पुढे ते नाव पोलादाच्या एका अवाढव्य कंपनीवर चढलं, आणि १९९५ साली तिथल्या भट्ट्या विझल्या.

आणि मूळ गाव? मी तिथे गेलेले नाही. जाण्याची इच्छा आजीलाही होती, पण तिने ती कधी मोठ्याने बोलून दाखवली नाही. तिथलं जन्माचं चर्च रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं, सहाव्या शतकात जस्टिनियनने पुन्हा बांधलेलं. आत शिरण्याचं दार इतकं ठेंगणं आहे की प्रत्येकाला वाकावं लागतं. २००२च्या एप्रिलमध्ये ह्या चर्चमध्ये सशस्त्र पॅलेस्टिनी आणि त्यांच्यासोबत भिक्षू, सामान्य माणसं अडकली आणि बाहेर इस्रायली सैन्याचा वेढा पडला. ३९ दिवस. आतलं अन्न संपत गेलं, लोकांनी आवारातला पाला उकडून खाल्ला. भाकरीच्या घरात, ज्या जागी येशू जन्मला म्हणतात तिथेच. त्याच वर्षी इस्रायलची वेगळं पाडणारी भिंत बांधायला सुरुवात झाली आणि आज ती गावाला खेटून उभी आहे. २०२३च्या नाताळात गाझातल्या युद्धामुळे तिथे रोषणाई झाली नाही. तिथल्या लुथरन चर्चने गव्हाणीऐवजी फुटक्या काँक्रीटचा ढीग रचून त्यात बाळ ठेवलं. ते चित्र मी मोबाइलवर पाहिलं आणि बराच वेळ दुसरं काही पाहू शकले नाही.

रूथच्या पहिल्या अध्यायात एक जागा आहे, जिथे नामीला मवाबात कळतं की देवाने आपल्या लोकांची आठवण ठेवून त्यांना भाकर दिली. मूळ हिब्रूत हे शब्द असे येतात : लातेत लाहेम लाखेम. त्यांना भाकर द्यायला. लाहेम म्हणजे त्यांना, लाखेम म्हणजे भाकर. दोन शब्द एकमेकांना घासून जातात आणि त्यांच्या मागे बेत लेखेमचा नाद घुमतो. लिहिणाऱ्याने हे जाणून केलंय. दूरच्या देशात, सगळं गमावून बसलेल्या बाईच्या कानात आपल्या गावाचं नावच बातमी होऊन येतं. मराठीत हा नाद आणायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, जमला नाही.

ह्या शोधाच्या आनंदात एका संध्याकाळी मी आईला फोन केला. तिच्याकडेही तव्याचा आवाज येत होता. मी तिला लातेत लाहेम लाखेम ऐकवलं, अर्थ सांगितला, आणि म्हटलं, आजोबांनी घराला फार विचार करून नाव दिलं होतं.

“आजोबांनी?” आई म्हणाली. “त्यांना एबनेझर पाहिजे होतं. फळीवर तेच लिहिलेलं होतं आधी. तुझ्या आजीने पुसायला लावलं.”

मग तिने सांगितलं. घर बांधलं १९७४ साली, दुष्काळानंतर पहिली रब्बीची ज्वारी हाती आली त्या उन्हाळ्यात. आई तेव्हा नवी सून. चौकट बाभळीची, ते झाड दुष्काळातच वठलं होतं. एबनेझर म्हणजे साहाय्याचा पाषाण, आजोबांना वाटलं, एवढ्या संकटातून तरलो, हेच नाव योग्य. आजी घरात कधी सासऱ्यापुढे, नवऱ्यापुढे आवाज चढवून बोलली नव्हती. त्या दिवशी म्हणाली, दगड दोन वर्षं फोडलेत मी, दाराला दगडाचं नाव नको.

चौकट उभी राहिली त्या दिवशी नव्या चुलीवर नव्या ज्वारीची पहिली भाकर आजीने भाजली. आईला ती अजून दिसते, म्हणाली, पांढरीशुभ्र, अख्खी, कडेला एक चीर नाही. घरात सासरे होते, पोरं होती, पाळकसाहेब आशीर्वाद द्यायला आलेले होते. आजीने ती भाकर ताटलीत ठेवली, वर मिरचीचा ठेचा ठेवला आणि ओट्यावर पटाशी पुसत बसलेल्या सुताराच्या पुढे नेऊन ठेवली. त्याने पहिला घास मोडला, चौकटीकडे मान वर केली आणि विचारलं, “बाई, पर म्या ह्ये कोरलं काय?”